कठीण पोलाद की सोशिक पोलाद?

विळा किंवा कुऱ्हाड विकत घेताना आपण विचारतो, ‘पोलाद कठीण आहे ना?’ माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे.

आरमोरीकडचा लोहार लालभडक लोखंड तोडताना त्यावर छिन्नी ठेवून घण मारतो. छिन्नी तापते, म्हणून तो ती पाण्यात बुडवतो. तापताना तिचा पृष्ठभाग प्रसरण पावू पाहतो, पण आतला थंड भाग त्याला अडवतो. निवताना याच्या उलट घडते. ही ओढाताण पुनःपुन्हा झाली की पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. यालाच औष्णिक शिणवटा म्हणतात.

मोटारींचे ॲल्युमिनियमचे भाग ओतण्याच्या साच्यांचेही असेच होते. ॲल्युमिनियम ६६०° सेल्सिअसला वितळते. त्याचा रस साच्यात शिरतो, थिजतो, साचा निववला जातो. असे हजारो वेळा. म्हणून तेथे सुमारे ५ टक्के क्रोमियम असलेले ‘एच-१३’ हे हत्यारी पोलाद वापरतात.

आता असे साचे थ्री-डी प्रिंटिंगनेही बनतात. पोलादाच्या भुकटीचा पातळ थर लेसर किरणांनी वितळवायचा, त्यावर दुसरा थर चढवायचा. या रीतीने पाण्याच्या वाहिन्या साच्याच्या पृष्ठभागालगत हव्या तशा वळवता येतात, हा मोठा लाभ. परंतु थरांमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात आणि झटपट निवल्याने पोलादात ताण उरतो. उष्णतोपचाराने हा ताण कमी करता येतो; पोकळी मात्र भेगेचे उगमस्थान ठरते.

हे तुम्हीही पडताळू शकता. लोखंडी तारेचे दोन सारखे तुकडे घ्या. एकावर कानशीने बारीक खाच पाडा. दोन्ही पुनःपुन्हा वाकवा आणि मोजा. खाच असलेला तुकडा आधी तुटेल. पोकळी म्हणजे पोलादातली खाचच!

तेव्हा नवे पोलाद निव्वळ कठीणपणावर पारखू नये. तापण्या-निवण्याच्या किती फेऱ्या ते सोसते, हे मोजूनच त्याला पसंती द्यावी. कठीणपणा काही मिनिटांत मोजता येतो. सोशिकपणा मोजायला चिकाटी लागते.

गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडला लोहखनिज आहे, आरमोरी तालुक्यात देऊळगावलाही आहे. परंतु खनिज देणारा जिल्हा एवढीच आपली ओळख का असावी? खनिजाचे हत्यार होते ते ज्ञानाने. शिक्षकांनी प्रसरणाचा धडा शिकवताना वर्ग एकदा लोहाराच्या भट्टीपाशी न्यावा आणि त्याने टाकून दिलेली छिन्नी मुलांना भिंगातून पाहू द्यावी.