गोळीचा आकडा बदलतो तेव्हा

थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ वर गेली की घरात काळजी सुरू होते: आजार बळावला का? बहुतेकदा तसं नसतं. वजन, वय, गरोदरपण, इतर औषधं यांनुसार शरीराची गरज बदलते.

खरा गोंधळ रिपोर्टपाशी होतो. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड जास्त झालं, असं समजून काही जण गोळीच बंद करतात. प्रत्यक्षात टीएसएच हा पिट्युटरी ग्रंथीने लावलेला तगादा असतो. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की तो वाढतो.

लेव्होथायरॉक्सिनचं, म्हणजे या गोळीतल्या औषधाचं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे नव्या डोसचा खरा परिणाम ६ ते ८ आठवड्यांनीच तपासणीत दिसतो.

डोस वाढवण्याआधी सवयही विचारायला हवी. गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यायची. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम वा लोहाची गोळी ४ तासांनी. चहासोबत गोळी घेतली, तर ती नीट शोषली जात नाही.

उलट डोस जास्त झाला, तर छातीत धडधडतं, हाडं झिजतात. म्हणून मनाने बदल नकोच; दिवस राहिल्यास मात्र लगेच डॉक्टरांना कळवावं.

डोस का बदलला आणि पुढची तपासणी कधी, या दोन ओळी प्रत्येक डॉक्टरने चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यायलाच हव्यात.