किलो मोजता, रुग्ण कधी मोजणार?

'एमडी' म्हणजे मेफेड्रोन पकडलं की किती किलो, किती कोटी, हे लगेच कळतं. किती जण व्यसनातून बाहेर आले, हे कुणीच सांगत नाही. पोलीस, जिल्हाधिकारी आणि आरोग्य खातं यांच्या समन्वय समित्या आहेत, मग आकडा एकाच खात्याचा का?

घाटकोपर-मुलुंडचे पालक मला आधी विचारतात, "डॉक्टर, पोलीस केस होणार नाही ना?" १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ वाचा. नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. विक्रेत्याला नाही. हे प्रत्येक पोलीस ठाण्याच्या फलकावर मोठ्या अक्षरांत हवं.

व्यसन हा आजार आहे, मुलाला लपवू नका. १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. आजच फोन करा.