वांगाची गोळी आणि आमच्या भगिनी

गालावर, कपाळावर वांगाचे डाग पडले की शेजारीण एका गोळीचे नाव सांगते, मेडिकलवाला ती काही न विचारता देतो आणि आमची भगिनी ती महिनोन्‌महिने घेत राहते. गोळीचे नाव ट्रॅनेक्झामिक ॲसिड. हे औषध चेहरा उजळण्यासाठी निघालेलेच नाही! जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये ते जगापुढे मांडले, ते रक्तस्राव रोखण्यासाठी. बाळंतिणीचा जीव ते आजही वाचवते. त्याने वांग फिके होते, हे १९७९ मध्ये जपानमध्येच लक्षात आले.

तेव्हा औषध खोटे नाही. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने देतात. पण जे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही, ते सरसकट सगळ्यांना कसे चालेल? पूर्वी पायात वा फुफ्फुसात गुठळी झालेली, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अशांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मूत्रपिंडाचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरला आधी सांगावे.

खरा धोका मात्र आमच्या घराघरात आहे. पाळणा लांबवण्यासाठी घेतली जाणारी माला-डी, सरकारी केंद्रात फुकट मिळणारी माला-एन, या दोन्हींत इस्ट्रोजेन असते. त्यानेही गुठळीचा धोका वाढतो. त्यात ही गोळी पडली तर? आणि गंमत पाहा, वांग वाढवण्यात याच संप्रेरकांचा हात असू शकतो. म्हणजे डॉक्टरने पहिला प्रश्न पाळण्याच्या गोळीचा विचारायला हवा. त्यांनी विचारला नाही तर लाज न बाळगता आपण सांगावे. मनानेच ती गोळी बंद करू नये. दुसरे साधन कोणते, तेही तिथेच विचारावे.

गोळी थांबली की वांग अनेकदा परत येते, कारण ऊन थांबत नाही. निंदणी करणारी, रस्त्यावर खडी टाकणारी बाई सावलीत कधी बसणार? तिला रुंद काठाची टोपी, तोंडावर ओढलेला पदर एवढा तरी आडोसा हवा. उन्हाचे मलम परवडत असेल तर तेही.

आणि एक. वांग हा विकार आहे, काळा वर्ण नव्हे. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला 'फेअर' शब्द काढला, पण बाजार तोच राहिला. त्या बाजारासाठी ही गोळी गिळू नका. वांगासाठी घेत असाल आणि एकच पोटरी सुजली, छातीत दुखले, धाप लागली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.