मैदानातला मेटल आणि गल्लीतला डीजे

हेवी मेटलचे मोठे बँड महाराष्ट्रात येतात ते मुंबईत. ‘आयर्न मेडन’ने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोकळ्या मैदानावरून केली होती. मे २०२५ मध्ये ‘गन्स अँड रोझेस’ महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. जळगाव-धुळ्याकडची काही पोरं रात्रीची गाडी पकडून अशा कार्यक्रमांना जातात आणि परतल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, असे काहीशा अभिमानाने सांगतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, हे संगीत आहे की गोंगाट! तीच मंडळी अनंत चतुर्दशीला नातवाला खांद्यावर घेऊन डीजेच्या गाडीमागे तासन् तास चालतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

कानाच्या हिशेबाने या दोन्हींत जास्त धोका बहुतेक वेळा दुसऱ्या प्रसंगात असतो. मेटल संगीत सौम्य आहे, असे मुळीच नाही. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर ‘द हू’ या रॉक बँडचा आवाज ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल नोंदला गेला आणि ‘गिनीज बुक’ने त्याला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड ठरवले. पुढे असल्या स्पर्धेने लोकांचे कान जातील म्हणून ‘गिनीज’ने तो विक्रमाचा प्रकारच बंद केला. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांचे कान कायमचे बिघडले. ‘मेटालिका’चे ड्रमवादक लार्स उलरिक कानातल्या सततच्या आवाजाबद्दल जाहीरपणे बोलले आहेत. ‘एसी/डीसी’चे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यावरून दौरा अर्धवट सोडावा लागला. मात्र त्यांनी स्वतः दोष संगीतापेक्षा मोटार शर्यतींना दिला, कारण तिथे ते कानात काही न घालता बसत.

आवाजाची इजा औषधाच्या मात्रेसारखी मोजायची असते. किती मोठा आवाज आणि किती वेळ, या दोन्हींचा हिशेब एकत्र होतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसता येतो, असे कामगारांच्या आरोग्याच्या क्षेत्रात मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सोसण्याची वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. म्हणजे सरासरी १०० डेसिबलच्या कार्यक्रमात दोन तास उभे राहिले, की कारखान्यातल्या आठ दिवसांची मात्रा एका संध्याकाळी कानात जाते. त्याच आवाजात सहा तासांची मिरवणूक म्हणजे चोवीस दिवसांची.

ही मात्रा पोचते अंतर्कर्णातल्या केसपेशींपर्यंत. गोगलगायीच्या शंखासारख्या वळणाच्या एका नळीत, प्रत्येक कानात या पेशी सुमारे पंधरा हजार असतात. जन्माला येताना मिळालेला हा साठा पुन्हा भरत नाही. त्वचा भरून येते, हाड जुळते, यकृतही काही प्रमाणात वाढते. माणसाची केसपेशी एकदा मेली की संपली. मोठ्या आवाजानंतर कान दडे बसल्यासारखे होतात आणि दुसऱ्या दिवशी मोकळे होतात. त्यामुळे काही बिघडले नाही, असा समज होतो. पण २००९ मध्ये अमेरिकेतल्या कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले, की तपासणीत ऐकणे पूर्ववत झालेले दिसले, तरी केसपेशी आणि नस यांना जोडणारे सांधे मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे नेमके किती घडते यावर अजून काम चालू आहे. तोपर्यंत ती शिट्टी गमतीत घेऊ नये, एवढे नक्की.

आवाजाने जाणारे ऐकणे बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी जाते. त्यामुळे माणूस बहिरा वाटत नाही. हाक मारली तर वळतो. पण स, श, फ, ट यांसारखी अक्षरे त्याच्या कानातून निसटतात आणि ‘ऐकू येतं, पण समजत नाही’ ही तक्रार सुरू होते. ती साठीला येणे आणि तिशीला येणे यात फरक आहे.

आता मैदान आणि गल्ली यांतला फरक. मोठ्या कार्यक्रमात स्पीकरच्या माळा उंच टांगलेल्या असतात. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या थेट कानात आवाज जाऊ नये आणि मागच्यालाही ऐकू यावे, हा त्यामागचा हेतू. मंच आणि प्रेक्षक यांच्यात कठडा असतो. मध्यभागी बसलेला ध्वनितंत्रज्ञ समोरच्या पडद्यावर डेसिबल बघत असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे मागे सरकण्याचा पर्याय प्रत्येकाला असतो. वादकही आता कानात बसवलेल्या छोट्या स्पीकरवर स्वतःचे संगीत ऐकतात, त्याने बाहेरचा गोंगाट कमी होतो.

खान्देशातल्या वरातीत किंवा विसर्जन मिरवणुकीत यातले जवळजवळ काहीच नसते. ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचलेली, तिचा खालचा थर नाचणाऱ्या पोरांच्या डोक्याच्या उंचीवर, आणि अंतर दोन-तीन हात. जुन्या जळगावातल्या किंवा जुन्या धुळ्यातल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे तो मैदानातल्यासारखा उतरत नाही. मागे सरकावे तर पुढच्या मंडळाची गाडी पाठीशी. मेहरूण तलाव किंवा पांझरेचा काठ गाठेपर्यंत सुटका नाही. कठड्यापलीकडे जाणारा प्रेक्षक तिकीट काढून, स्वतःच्या मर्जीने आलेला असतो. गल्लीतले बाळ, बाळंतीण आणि खाटेवरचे आजोबा यांना कोणी विचारलेले नसते.

‘आमच्याकडे डीजे नाही, पारंपरिक वाद्ये आहेत’ असे सांगणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. ढोल-ताशाच्या पथकाच्या मधोमध किंवा लग्नाच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेटच्या पुढ्यात आवाज शंभरीच्या पुढे सहज जातो. केसपेशीला परंपरा कळत नाही.

एक गोष्ट पोलिसांच्या डेसिबल मापकाबद्दल. नियमातली मर्यादा ‘डीबी-ए’ या मापात दिलेली आहे. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी जाणवतात म्हणून हे माप खर्ज वजा करून धरते. ६३ हर्ट्झला ही वजावट सुमारे २६ डेसिबलची असते. म्हणजे त्या पट्टीतला ११० डेसिबलचा धमाका मापकावर जेमतेम ८४ दिसतो. कानाच्या इजेचा अंदाज बांधायला हे माप ठीक आहे. पण डीजेचा जीवच खर्जात असतो, आणि खर्ज भिंतीतून आरपार जातो. खिडकीची तावदाने थरथरतात, छातीत धडधड होते, आजारी माणसाची झोप मोडते, आणि मापकावरचा आकडा मात्र त्या मानाने साधा दिसतो. तक्रार करणारा खोटे बोलत नसतो.

छातीतल्या धडधडीवरून आठवते ती दरवर्षीची बातमी, ‘डीजेच्या आवाजाने तरुणाचा मृत्यू’. अचानक मोठा आवाज झाला की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो, हे खरे. आधीच खराब असलेल्या हृदयाला ते जड जाऊ शकते. पण उपाशीपोटी, उकाड्यात, कधी दारू पिऊन, चार तास नाचलेल्या माणसाच्या मृत्यूचे खापर एकट्या आवाजावर फोडणे वैद्यकीयदृष्ट्या धाडसाचे आहे. शवविच्छेदनाशिवाय तसे छापू नये. आवाजाविरुद्धची बाजू मजबूत करायला कानाचा पुरावा पुरेसा आहे.

कायद्याची कथा तर मेटलवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. मुंबईत धोबी तलावाजवळ ‘रंगभवन’ नावाचे खुले नाट्यगृह होते. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव वर्षानुवर्षे तिथे भरे आणि देशातल्या रॉक-मेटल बँडची एक पिढी त्या मंचावर घडली. शेजारी कामा आणि जी. टी. रुग्णालये, लागून सेंट झेवियर्स कॉलेज. ध्वनिप्रदूषण नियम २००० आले, शांतता क्षेत्राची अंमलबजावणी सुरू झाली आणि रंगभवनातले संगीत थांबले. रसिक हळहळले, पण निर्णय रुग्णांच्या बाजूचा होता. त्याच नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती जळगाव-धुळ्यालाही लागू आहे.

सणासुदीला मिळणाऱ्या सवलतीबद्दल मोठा गैरसमज आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला परवानगी देऊ शकते. ही सवलत वेळेची आहे. आवाजाची मर्यादा त्या दिवशीही तीच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले. कोणत्याही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजावा, प्रेक्षकांना कानातल्या बोळ्या उपलब्ध असाव्यात, आणि कानाला विश्रांती देणारी शांत जागा असावी. गणेश मंडळांच्या बैठकीत हे चार मुद्दे मांडायला परदेशी बँड लागत नाही. सर्वांत खालचे स्पीकर काढून टाकणे, गाडीसमोर दोरी धरून आठ-दहा मीटर जागा मोकळी ठेवणे आणि दर चौकात दहा मिनिटे बंद ठेवणे, याला खर्च काहीच नाही.

फोमच्या बोळ्या औषध दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. नीट पिळून, कानाची पाळी वर-मागे ओढून बसवल्या तर वीसएक डेसिबलचा फरक पडतो. कापसाच्या बोळ्याने फार तर पाच-सात. लहान बाळाला बोळी घालू नये. त्याला गाडीपासून दूर ठेवावे.

सगळ्यात मोठी मात्रा घेतो तो मात्र कुठल्याच चर्चेत नसतो. लग्नसराईत रोज रात्री ट्रॉलीवर, स्पीकरला पाठ लावून उभा असलेला डीजेचा पोरगा, जनरेटर सांभाळणारा, गाडीचा चालक आणि बँडमधले वाजंत्री. कारखान्यातल्या कामगाराच्या कानाची तपासणी होते, यांची कोणी करत नाही. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या कान-नाक-घसा विभागात होणारी ऑडिओमेट्री अर्ध्या तासाची असते आणि तिला सुई लागत नाही. हंगाम संपल्यावर पंधरा दिवस गेले की ती करून घ्यावी. आणि कार्यक्रमानंतर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, किंवा शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, तर कानात तेल घालून वाट पाहू नये. अशा वेळी स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या काही दिवसांतच होतो.