पुस्तकं टाकायला शिका

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना सी प्रोग्रॅमिंगचं पुस्तक शोधायला आमच्या गावच्या वाचनालयात गेलो होतो. ते नव्हतं. विंडोज ९८ शिकवणाऱ्या एकाच पुस्तकाच्या मात्र चार प्रती होत्या. सगळ्यात खालच्या खणात आमच्याच गावच्या इतिहासाची पुस्तिका सापडली. उघडली तर वाळवीचा भुगा हातात आला. ग्रंथपालकाका म्हणाले, "पुस्तक टाकणं पाप असतं रे."

काका, पाप त्या कपाटात झालं होतं. चार निरुपयोगी प्रती कोरड्या जागेत, आणि जी पुस्तिका दुसरीकडे मिळण्याची शक्यता जवळपास नाही ती ओलीत.

एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, नंतर ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात, हे पहिलं. ग्रंथालय सजीवासारखं वाढतं, हे पाचवं. आपण त्यातलं 'वाढतं' एवढंच उचललं. सजीव नुसता खात नाही, टाकतोही.

न टाकण्यामागे फक्त भावना नाही, हिशेबही आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्गावर अनुदान ठरतं आणि वर्गासाठी पुस्तकांची किमान संख्या लागते. त्या मोजणीत विंडोज ९८ सुद्धा एक पुस्तक. आमच्या धंद्यात कोडच्या ओळी मोजून पगार दिला, तर प्रोग्रॅम सुधारणार नाही, नुसता फुगेल. इथे तेच झालंय.

"मग जुनं सगळं रद्दीत घालायचं का?" अजिबात नाही. प्रत्येक पुस्तकाला दोन प्रश्न विचारा. शेवटचं कोणी कधी नेलं? दुसरीकडे कुठे मिळतं का? पहिल्याचं उत्तर देवघेवीच्या नोंदीत असतं. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पन्नास वर्षांत कोणी हात लावला नसला तरी ते पुस्तक राहिलं पाहिजे, तेही वरच्या, कोरड्या खणात. त्याचं स्कॅनिंग आधी झालं पाहिजे. बाकीची समितीत ठराव करून बाद करा आणि दाखल नोंदवहीत तसं लिहा.

यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. एक एक्सेल शीट आणि सुट्टीचे काही दिवस लागतात. गणपतीला गावी जाल, तेव्हा दोन तास वाचनालयात बसा. सगळ्यात खालच्या खणापासून सुरुवात करा. आमच्या गावची पुस्तिका गेली. तुमच्या गावची कदाचित अजून असेल.