समुद्रापलीकडचे शेजारी



दिग्रसला समुद्र नाही. समुद्रकिनारा आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी दरवर्षी आपण समुद्राची वाट पाहतो. समुद्रावरून वारे येतात, पाऊस आणतात आणि मग आपल्या शेतांत कपाशी व सोयाबीन उगवते. या वाऱ्यांना मराठीत 'मोसमी वारे' म्हणतात. तुम्ही घरी 'मौसम' म्हणता. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. अरब खलाशी समुद्रप्रवासाच्या ठरलेल्या काळाला 'मौसिम' म्हणत.

पूर्वी जहाजे शिडांवर चालत. पावसाळ्याचा जोर ओसरू लागला, की नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर अरबस्तानातील जहाजे कोकणात येत. परत जायचे, तर हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबावे लागे. हे थांबणे फार मोलाचे ठरले. पाहुण्यांना इथली भाषा शिकावी लागली आणि इथल्या लोकांना त्यांची. काही जण इथेच राहिले आणि त्यांनी इथेच संसार थाटले. कोकणी मुसलमानांच्या पूर्वजांत असे अरब व्यापारी आणि खलाशी होते, असे मानतात. आज त्यांच्या घरांत कोकणची बोली बोलली जाते.

इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी हा बगदादचा प्रवासी कोकणातील चौल बंदरात आला होता. तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यांच्यापैकी कित्येकांचा जन्म इथलाच होता. त्यांचे व्यवहार पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता.

दुसरे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे काही जुने ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक इ. स. ९२६ चा आहे. त्या वेळी राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा राज्य करत होता. संजाण भागाचा कारभार एका अरब अधिकाऱ्याकडे सोपवलेला होता. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती' असे आहे. 'मुहम्मद' या नावाचे ते इथल्या जिभेवर झालेले रूप असावे, असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी लोकांना फुकट होड्या दिल्या आणि एक अन्नछत्र घातले. तेथे भात, कालवण आणि तूप मिळे. शिवाय राजाच्या संमतीने त्याने एका मठाला गाव दान दिले. त्या मठात देवीची पूजा होत असे.

कोणी म्हणेल, "हे लोक व्यापारासाठी आले होते, प्रेमासाठी नव्हे." ते खरे आहे. समुद्रावर लुटालूट आणि लढायाही झाल्या. पण माणसे गरजेपोटी जवळ आली, तरी एकमेकांची भाषा शिकली, एका पंगतीला बसली, की ओळख वाढतेच. त्या ओळखीच्या खुणा आपल्या बोलण्यात आहेत. मराठीत 'बंदर' म्हणजे माकड नव्हे, हे ऐकून तुम्ही हसला असाल. पण उर्दूतील 'बंदरगाह' आठवा. उर्दूतील 'नाखुदा' मराठीत 'नाखवा' झाला. जहाज आणि खलाशी तर दोन्ही भाषांत आहेत. उलट, आपल्याकडचा नारळ अरबीत 'नारजील' झाला.

आता आपल्याकडे पाहू. एकाच गावात उर्दू शाळा असते आणि मराठी शाळाही असते. मधे समुद्र नसतो, फक्त एक रस्ता असतो. तरी कित्येक मुले दहावीपर्यंत शेजारच्या शाळेतील एकाही मुलाचे नाव जाणत नाहीत. मग कोणी काही अफवा उठवली, की ती खरी वाटते. कारण विचारायला तिकडे ओळखीचे कोणी नसते.

माझ्या मते केवळ एकोप्याची भाषणे ऐकून हे अंतर कमी होणार नाही. त्यासाठी एकत्र काम केले पाहिजे. दोन्ही शाळांतील मुलांनी मिळून पावसाळ्यात झाडे लावावीत. संघ पाडताना दोन्ही शाळांची मुले मिसळून क्रिकेट खेळावे. दोन्ही भाषांत असलेल्या शब्दांचे एक भित्तिपत्रक तयार करावे. तुम्ही मराठी शिकत आहात, हे उत्तमच आहे. मराठी शाळेतील मुलांनीही चार उर्दू शब्द लिहायला शिकावेत, असे मी त्यांना सांगेन. ओळख एका बाजूने होत नाही.

त्या खलाशांना अनुकूल वाऱ्यासाठी महिनोन् महिने थांबावे लागत असे. तुम्हांला थांबायचे कारण नाही. उद्या मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडा आणि पलीकडच्या मुलाला त्याचे नाव विचारा.