भाकरी गरम, थापणारी मात्र शेवटी

मा. संपादक,


आपल्या रविवारच्या पुरवणीतलं आरोग्याचं पान मी नेमाने वाचते. गेले काही महिने त्यात एकच सूर लागला आहे. गोळ्यांच्या मागे लागू नका, निसर्गाकडे वळा, आजीच्या स्वयंपाकघरात सगळं आहे. पोळीऐवजी नाचणीची भाकरी, बिस्किटांऐवजी राजगिऱ्याचे लाडू, थंड पेयांऐवजी आंबील, सर्दीला काढा, मुलांना तेल लावून चोळून अंघोळ. यातल्या बहुतेक सल्ल्यांशी माझं भांडण नाही. खेड्यापाड्यांत आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली तेव्हा नाचणी खा, पालेभाजी खा, हे मीही घरोघर सांगितलं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेही योग्यच.

पण हे सगळं करायचं कुणी, हा प्रश्न त्या पानावर एकदाही येत नाही. लेख ‘कुटुंबाच्या आरोग्या’वर असतो आणि त्यातली प्रत्येक सूचना घरातल्या एकाच माणसाच्या दिवसात वाढवलेलं काम असतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली! शिवाय ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांचीच आहे. ज्यांनी इकडची काडी तिकडे केली नाही, ते तिच्या हिशेबातच नाहीत.

आता भाकरीकडे येते. पोळ्या सकाळी लाटून डब्यात ठेवता येतात. नाचणीच्या किंवा ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिवटपणा नसतो. त्यामुळे गरम पाण्यात उकड काढा, एका भाकरीपुरतं पीठ मळा, थापा, तव्यावर टाकून पाणी फिरवा, उलटा, मग जाळावर फुगवा, आणि पुन्हा पहिल्यापासून. ती ताटात पडायला हवी गरम, कारण गार झालेल्या भाकरीवर घरात नाकं मुरडली जातात. म्हणजे चार माणसं जेवत असतील तर पाचवी तव्यापाशी उभी. ती बसते तेव्हा पालेभाजी पातेल्याच्या कडेला लागलेली असते आणि मटकीच्या उसळीतली मटकी संपून रस्सा उरलेला असतो. लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं म्हणून आपण ज्यांचं कौतुक छापता, ती सगळी आधीच्या चार ताटांत वाढून झालेली असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. देशभरातल्या त्याच वयाच्या पुरुषांत ते २५ टक्के आहे. पाळी, बाळंतपणं, जंत अशी याची कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष पंगतीच्या क्रमाला देता येणार नाही. पण लोहाच्या गोळ्या वाटताना मी बाईला ‘तुम्ही जेवता कधी?’ असं विचारायची, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं: सगळ्यांचं झाल्यावर. त्या गोळीने मळमळतं, म्हणून ती चहाबरोबर गिळणाऱ्याही पुष्कळ भेटायच्या. चहातली टॅनिनं लोह शरीरात शोषू देत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसायचं.

मध्यंतरी याच पानावर चुलीवरच्या स्वयंपाकाची महती आली होती. मातीची भांडी, लाकडाचा मंद जाळ, वगैरे. ढाब्यांवरही ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या झळकतात. जेवणाऱ्याला ती चव जरूर लागत असेल. पण बंद घरात चुलीसमोर वर्षानुवर्षं बसलेल्या बायकांचा खोकला आणि दमा मी पाहिला आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात विडी ओढलेली नव्हती. २०१६ साली गॅसजोडणीची उज्ज्वला योजना आली ती चुलीचा हाच धूर टळावा म्हणून. त्या धुराला आरोग्याच्या पानावर जागा मिळावी, हे मला पटत नाही.

काढ्यांबद्दल थोडक्यात. करोनाच्या काळात घरोघर गुळवेल उकळली गेली. तेव्हा गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो मिटेपर्यंत निदान ‘रोज प्या, अपाय काहीच नाही’ असं तरी आपण छापू नये.

‘आमच्या आज्या हे सगळं करत होत्याच की’ असं यावर कुणी म्हणेल. करत होत्या. घरात दोन जावा, एक नणंद, एक विधवा आत्या असे हात होते. आणि त्या आज्यांचं हिमोग्लोबिन कुणी कधी तपासलं होतं? आज घरातली बाई सकाळी कामावर जाते, येताना भाजी आणते, आणि आपलं पान तिला मटकीला मोड आणायला सांगतं.

कष्ट न वाढवता होण्यासारखंही पुष्कळ आहे, फक्त ते छापायला चटपटीत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. याला खर्च शून्य. उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अधिक अंगी लागतं, आणि लिंबू दहा वर्षांच्या मुलालाही पिळता येतं. मटकी भिजत घालून फडक्यात बांधायला बाबाही चालतील. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, थोड्या निवल्या तर निवल्या, पण सगळ्यांनी एकदम बसावं. सोलापूरकडची कडक भाकरी तर टिकण्यासाठीच केलेली असते. बचत गटाच्या बायका ती विकतात. ती विकत आणली म्हणून कुणाचं आरोग्य बिघडत नाही, उलट थापणारीला तिच्या कष्टाचे पैसे मिळतात. सल्ला देताना मी तरी आता एवढंच बघते, की त्याने घरातल्या बाईचं काम वाढतं की तिच्या पानात काही वाढतं.

संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणी आहे. पाककृतीखाली आपण ‘तयारीची वेळ : १० मिनिटे’ असं छापता. त्यात निवडणं, भिजवणं, दळून आणणं आणि नंतरची भांडी धरत जा. आणि एखाद्या रविवारी भाकरीची कृती खास पुरुष वाचकांसाठी द्या. उकड काढण्यापासून सगळं सविस्तर लिहा, कारण त्यांना त्यातलं काहीच येत नाही असं धरूनच चालावं लागेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
सातारा